पाहुण्याच्या ट्रंकेतली मूस

कुंभकोणमचे वेंकोबाराव टायपिस्ट नसते, तर माझा मावसभाऊ शिदा आज सिलोनातल्या कुठल्या तरी कोठडीत बसला असता आणि मला मावशीच्या दारात उभं राहायला तोंड उरलं नसतं. म्हणून आधी त्यांचं नाव घेतलं. काय घडलं ते आता सांगतो. आमच्या भागातल्या ज्या पोरांच्या मनात सिलोन आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. मी मराठी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस, शुद्धलेखनाकडं बघू नका.

आमच्या दक्षिण साताऱ्याकडची पोरं गलाईला जातात हे इतरांना ठाऊक नसेल. सोनाराच्या दुकानातली झाडलेली माती, भट्टीची राख, पाय पुसायचं फडकंसुद्धा आम्ही घेतो, धुतो, जाळतो, मुशीत वितळवतो, तेजाबात टाकतो आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं करून देतो. मी तीन वर्षं हुबळीला होतो. शिदादादा माझ्याआधी कुंभकोणमला गेला, तिथनं कोलंबोला. त्याला तिकडं धाडलं बापूशेठनं. बापूशेठ आमच्याच तालुक्यातला. कुंभकोणमला त्याची गलाईची भट्टी आणि कोलंबोत कुणाशी तरी भागी. त्याचं पत्र आलं, 'शिदाच्या शेजारी जागा आहे, ये.' मी गेलो. आपल्या मुलखातला माणूस बोलावतोय म्हटल्यावर चौकशी कुणाची करायची?

कुंभकोणम्

गाडीतले दोन दिवस सांगत नाही. डोळ्यांत कोळसा जाणं सगळीकडं सारखंच.

गावात उतरलो तर चारी बाजूंनी ठणठण. पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतून चालताना स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. बाकी गाव मात्र हिरवंगार, पाण्यानं भरलेलं. जिकडं बघावं तिकडं कालवे, केळी, विड्याच्या पानांचे भारे आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला एक गोपुर. आमच्याकडं एका विहिरीवरून दोन भाऊबंद कोर्टात जातात आणि इथं बायका नदीच्या पाण्यानं रस्ता धुतात. मला त्या पाण्याचा रागच आला.

जेवणाचं तर विचारू नका. आधी सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात. मी वाट बघतोय की आता भाकरी येईल, तर लोक हात धुवायला उठले. पहिल्याच दिवशी खानावळीत जेवून झाल्यावर मी केळीचं पान पलीकडच्या बाजूला दुमडलं. वाढणारा थबकला आणि तमिळमध्ये तोंड सोडून बोलायला लागला. बापूशेठ म्हणाला, "अरं, तसं मयताच्या जेवणाला दुमडत्यात. आपल्याकडं दुमड." मी मुकाट्यानं पान उलटं दुमडलं. तेवढ्यात राहिलेलं ताक मांडीवर सांडलं.

बापूशेठनं माझा पासपोर्ट आणि व्हिसा तयार ठेवला होता. व्हिसा पाहुण्याचा, एक महिन्याचा.

"मग काम कसं करायचं?" मी विचारलं.

"पाहुणा काय हात बांधून बसतो व्हय? जा, कामाला लाग. म्हैना सरला की पुढचं मी बघतो. शिदा न्हाई का ऱ्हायला?"

राहिलेलं फक्त एकच होतं. वाटेत कुणी विचारलंच तर दाखवायला इंग्रजी पत्र, की मी माझ्या आजारी भावाला भेटायला चाललोय. ते टाइप करून आणायला मला तळ्याकडं धाडलं.

तळ्याजवळच्या एका घराच्या ओट्यावर साठीचे एक गृहस्थ टाइपरायटर मांडून बसले होते. बंद गळ्याचा कोट, धोतर, कपाळाला उभं गंध. त्यांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मनाशीच पुटपुटलो, "आयला, यांना आता कसं सांगायचं."

"मराठींतच सांगा," ते म्हणाले. "आयला म्हणूं नका. बैसा."

मी बसलो. हुबळी सोडल्यापासून असं मराठी कानावर पडलं नव्हतं. आणि हे मराठीही असं, की जुन्या दस्तऐवजाला तोंड फुटावं. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या तंजावरच्या राज्यात आले ते तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. हेच वेंकोबाराव.

"कोठें जातां?"

"कोलंबोला. भाऊ आजारी आहे."

"काय आजार?"

याचा मी विचारच केला नव्हता. "पोट."

"पोटास काय?"

"दुखतं."

"केव्हांपासून?"

"बरेच दिवस झाले."

त्यांनी यंत्रावरून हात काढले. "तुमचीं बोटें दाखवा." मी दाखवली. तेजाबानं पिवळी-काळी पडलेली, अंगठ्यावर भाजल्याचा वण. "हे डाग भावाच्या पोटाचे काय?"

मग त्यांनी आपला रिवाज सांगितला. माणूस बोलेल ते ते टाइप करतात, त्याचा अर्थ त्याच्या भाषेत वाचून दाखवतात, आणि त्यानं मोठ्यानं 'हो, हें मीच सांगितलें' म्हटल्यावरच कागद यंत्रातून काढतात. ज्याची जीभ अडली त्याचा कागद फाडतात. कोर्टात तीस वर्षं असंच केलं, आता ओट्यावरही तेच.

"गलाईच्या कामास जातों असें सांगा, आतां टायप करितों," ते म्हणाले.

"तसं लिहिलं तर सोडणार नाहीत."

"सोडणार नाहींत. त्यास नोकरीचा परवाना वेगळा आहे. तो तिकडच्या मालकानें मागावा लागतो. मागितला आहे काय?"

"बापूशेठ म्हणतात पुढचं बघतो."

"तंबी," ते म्हणाले, तमिळमध्ये धाकट्या भावाला असं म्हणतात, "पाहुणा म्हणून गेलांत आणि भट्टीपुढें बसलांत, तर मालकानें मारलें तरी चावडीवर जातां येत नाहीं. भाजलें तर इस्पितळांत नांव सांगतां येत नाहीं. कां, तर कागदाप्रमाणें तुम्ही तिथें नाहींतच. सोनें कसास लावून घेतां, आणि हें असेंच?"

माझं डोकं फिरलं. एक साधं पत्र टाइप करायला गेलो तर हा माणूस कीर्तन लावून बसला. मी म्हणालो, "टायपिस्ट काय तुम्ही एकटेच नाही."

"नाहीं. पुढच्या गल्लींत आणखी दोघे आहेत," ते शांतपणे म्हणाले. "वाटेंत खड्डा आहे, सांभाळून जा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. बापूशेठ घाई करत होता आणि मला वाटत होतं, म्हातारा विरघळेल. तो काही विरघळला नाही. दर वेळी बसायला सांगायचे, घरातून कॉफी मागवायचे, 'भावाचें पोट कसें आहे?' असं विचारायचे आणि टाइप काही करायचे नाहीत. शेवटी पुढच्या गल्लीतल्या माणसानं पंधरा मिनिटांत पत्र बडवून दिलं. त्यात शिदाचं पूर्ण नाव आणि कोलंबोचा पत्ताही होता. पत्त्याशिवाय खरं वाटत नाही, असं बापूशेठचं म्हणणं.

मंडपम्

सिलोनला जाणाऱ्यांची तपासणी मंडपमच्या छावणीत होते. वाळू, वारा, झावळ्यांची छपरं आणि लांबच लांब रांग. माझ्या पुढं एक म्हातारी होती, तिच्या गाठोड्यात लोणच्याची बरणी. तिला सोडली. मग माझी ट्रंक उघडली.

आमच्यात एक रीत आहे. उस्ताद पहिल्या वर्षाअखेर शागिर्दाला सांडस देतो. ती सांडस माणूस जिथं जाईल तिथं नेतो. दुसऱ्याच्या सांडशीनं मूस उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. तेव्हा माझी सांडस आणि जोडीला दोन नव्या मुशी धोतरात गुंडाळून ट्रंकेत होत्या. आजाऱ्याला भेटायला निघालेल्या माणसाजवळ त्या असू नयेत हे मला सुचलं नाही. बापूशेठसारख्या दोन समुद्र पाहिलेल्या माणसालाही सुचलं नाही, कारण तोही गलाईवालाच.

साहेबानं मूस हातात घेऊन फिरवली. शिपायानं मोडक्या हिंदीत विचारलं, "हे काय?"

"भांडं."

"स्वयंपाकाचं?"

मी मान डोलावली. साहेब काहीतरी बोलला, मागची रांग हसली. शिपायानं मला सांगितलं, "साहेब विचारतात, एवढ्याशा भांड्यात आजाऱ्याला काय शिजवून घालणार?"

घाम फुटला. घाम फुटला की माझी जीभ सुटते, हा माझा जुना रोग. साहेब आवाज न चढवता विचारत गेला आणि मी उत्तरं देत गेलो. भाऊ तिथं काय करतो? गलाई. कुणाकडं? नाव ठाऊक नाही, पत्रात पत्ता आहे त्याच दुकानात. कधीपासून? सहा महिने झाले.

सहा महिने. शिदाचा व्हिसा माझ्यासारखाच एका महिन्याचा. साहेबानं टाक उचलून वहीत लिहायला घेतलं. पत्रातला पत्ता बघून एकेक अक्षर उतरवत होता. तेव्हा मला कळलं की मी माझी वाट तर बंद केलीच, पण शिदाच्या दारापर्यंतची वाट या वहीत आखून दिली.

माझ्या पासपोर्टावर शिक्का मारून मला परत धाडलं. सांडस आणि मुशी परत दिल्या. साहेब सभ्य होता, खोटं कशाला सांगू.

पुन्हा कुंभकोणम्

बापूशेठला गाठलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "माझं नाव घेतलंस का?"

"नाही."

"मग ब्येस झालं. आता माझ्याकडं येऊ नगंस."

"आणि शिदादादा?"

"त्याचं तो बघंल. त्याचा पासपोर्ट भागीदाराच्या कपाटात हाय, सुखरूप हाय."

हे मला पहिल्यांदाच समजत होतं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, म्हणजे शिदाला यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. आणि वहीतला पत्ता तर पुढं निघालेला. या अडकित्त्यातून तो सुटणार कसा?

मी तळ्याकडच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता म्हातारा 'सांगितलें नव्हतें काय' म्हणेल. म्हणायलाच हवं होतं. वेंकोबारावांनी माझ्याकडं बघितलं, यंत्रात कोरा कागद घातला आणि विचारलं, "काय टायप करावयाचें?"

सगळं सांगितलं. सांगताना दोनदा रडलो, ते त्यांनी टाइप केलं नाही. वाचून दाखवलं. मी म्हणालो, "हो, हे मीच सांगितलं." आपल्या सरकारच्या कोलंबोतल्या वकिलातीला तो अर्ज जायचा होता: शिदानं चूक केली आहे, ती मी लपवत नाही, पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला आहे, माणसाला परत धाडावं.

मग तारेवरून आमचं वाजलं. मी म्हणालो, शिदाला तार करू, 'आई अत्यवस्थ, निघ.'

"मावशींस काय झालें?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग तशी तार मी लिहिणार नाहीं."

"अहो, तिकडं माणूस धरला जातोय!"

"खोट्या पत्रानें एक आजारी केलात, त्याचें काय झालें तें पाहिलेंत. आतां मावशींस निजवितां? आणि आई आजारी म्हणून तो धांवत निघाला, कागदाशिवाय, तर धक्क्यावरच धरतील." आणि त्यांनी तीन ओळींची खरी तार लिहिली: पत्ता अधिकाऱ्यांकडे गेला आहे, आपण होऊन वकिलातीत जा, अर्ज येत आहे.

मला तो माणूस त्या क्षणी भिंतीवर आपटावासा वाटला. आणि म्हणणं त्याचंच बरोबर होतं, याचा तर जास्तच वैताग.

पट्टीश्वरम्

अर्जात भागीदाराचं नाव हवं होतं आणि ते बापूशेठशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बापूशेठ पट्टीश्वरमला एका सोनाराकडं जाऊन बसला होता. वेंकोबाराव छत्री घेऊन निघाले, मी मागं. बैलगाडीनं गेलो. दोन्हीकडं भाताची शेतं, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांची दुकानं. वेंकोबाराव भाताच्या जाती सांगत होते. मी ऐकत नव्हतो.

बापूशेठ सोनाराच्या ओट्यावरच भेटला. वेंकोबारावांनी नमस्कार केला, त्याच्या शेजारी बसले, मांडीवर पाटी घेतली, वर कागद ठेवला आणि पेन्सिलीला टोक केलं.

"तुम्ही कोण?" बापूशेठ म्हणाला.

वेंकोबारावांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बापूशेठ विचारतात, तुम्ही कोण."

"हे काय लावलंय?"

"बापूशेठ विचारतात, हें काय लावलें आहे."

"मी कुणाला सिलोनला धाडलं न्हाई!"

तेही लिहिलं गेलं. "हें तुम्हीच सांगितलें, असें म्हणा. खालीं सही करा. कोलंबोस धाडतों. शिदाहि तिकडे आपला जबाब देईलच, मग दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहतील."

बापूशेठनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं, कारण सवयीनं मलाच लाज वाटत होती. गलाईवाल्यांच्या संगतीनं मराठी समजणाऱ्या सोनारानं हातातलं काम थांबवलं होतं. गिऱ्हाईक सोनाराच्या भरवशावर असतं आणि सोनार गलाईवाल्याच्या शब्दावर. त्या ओट्यावर खोट्यात सापडणं बापूशेठला परवडणारं नव्हतं.

"तो कागद फाडा," तो शेवटी म्हणाला. "भागीदाराला चिठ्ठी देतो. पासपोर्ट सोडंल तो."

"आधीं चिठ्ठी," वेंकोबाराव म्हणाले. "फाडण्यास वेळ लागत नाहीं."

वाट बघणं

चिठ्ठीवरून भागीदाराचं नाव अर्जात चढवलं आणि दोन्ही कागद कोलंबोला धाडले. त्यानंतरचे अकरा दिवस मी वेंकोबारावांच्या घरी काढले. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणू लागलो. काकूंचं मराठी आणखी जुनं आणि त्यात तमिळ शब्द कढीपत्त्यासारखे. त्यांच्याकडची वांग्याची रसवांगी आणि उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी खाल्ली, तेव्हा पहिल्यांदा भाकरीची आठवण झाली नाही. हे मी त्यांना सांगितलं, आणि चुकलो. त्यांनी भाकरी म्हणजे काय ते विचारलं, कुठून तरी जोंधळ्याचं पीठ मिळवलं आणि मला चुलीपुढं बसवलं. आयुष्यात भाकरी खाल्ली, थापली कधी नव्हती. तिचे तीन तुकडे झाले.

"तुमच्या मुलखांत ही अशीच फुटकी खातात काय?" काकूंनी विचारलं.

"नाही. आमच्याकडं बायका करतात."

"मग बायकांसच धाडावयाचें होतें सिलोनास," त्या म्हणाल्या.

वेंकोबाराव ओट्यावर हसले. मी हसलो नाही. दर दुपारी टपालवाला यायचा, पुढं जायचा. मनात सारखं तेच: माझ्या तोंडून निघालेले दोन शब्द, सहा महिने. मावशीला पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं.

बाराव्या दिवशी तार आली. शिदा निघाला होता.

सकाळच्या गाडीनं उतरला. मी ओळखलाच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, उजवा हात फडक्यात. स्टेशनावर तो माझ्याशी बोलला नाही. काकूंनी पान मांडलं, तो डाव्या हातानं जेवला. जेवून झाल्यावर मग म्हणाला, "तेजाब सांडलं हातावर. दोन म्हैने झाले. दवाखान्यात न्ह्या म्हटलं तर मालक न्हाई म्हणाला. नाव इचारतील म्हणाला. हळद लावली."

काकूंनी फडकं सोडलं. दोन बोटं वाकत नव्हती. आमच्या धंद्यात त्याच दोन बोटांत सांडस धरतात.

मी म्हणालो, "दादा, तुझा पत्ता मी दिला."

"ठाव हाय. तार आली त्याच दिवशी वकिलातीत गेलो. दुसऱ्या दिवशी पोलीस आले दुकानात." तो माझ्याकडं बघत होता. "एक दिवस. मी आपण होऊन गेलो हे तिथं लिहून घेतलं हुतं, म्हणून आत टाकलं न्हाई. आता परत जायचं न्हाई म्हणून शिक्का मारला." डाव्या हातानं फडकं पुन्हा गुंडाळत म्हणाला, "वकिलातीत तुझा अर्ज वाचून दाखवला. आजारी भावाला भेटाय निघालो म्हणालास म्हणं. आजारी हुतोच की मी. खरंच सांगितलंस."

वेंकोबाराव उठून आत गेले आणि इस्पितळात न्यायला छत्री घेऊन बाहेर आले. तिथं शिदानं आपलं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं न विचारता सांगितलं. डॉक्टरांनी एक बोट वाकेल म्हणून सांगितलंय. एकच.

निघायच्या दिवशी वेंकोबाराव आम्हाला पोचवायला स्टेशनावर आले. गाडीला वेळ होता. अर्जाबद्दल त्यांनी एक शब्द काढू दिला नाही. उलट जरा संकोचत विचारलं, "तुमच्या गांवीं पोस्टांत मराठी बोलतात काय?"

"हो."

"बाजारांत? झाडावरून भांडण झालें तर?"

"शिव्यासुद्धा मराठीतच देतात," शिदा म्हणाला.

वेंकोबाराव बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरांत इतक्या पिढ्यांत तो मुलूख कोणी पाहिला नाहीं. दारांतून बाहेर पडलें तरी भाषा बदलत नाहीं, असें गांव कसें असतें, एकदां पाहावें म्हणतों."

त्या दोघांना मी आमच्या गावी आणणार आहे. काकूंना चुलीपाशी आणि वेंकोबारावांना बाजाराच्या दिवशी पोस्टाच्या पायरीवर बसवणार आहे, त्यांना उठावंसं वाटेतोवर. हे कधी जमेल ते आज मला सांगता येत नाही, पण बसवणार.